ओवाळणीत मागितलेली दुरुस्ती

आमच्याकडं आमदार आला की आधी नारळ येतो. मग हार, मग शाल, मग आणखी एक नारळ, कारण सोसायटीच्या चेअरमनला सरपंचाच्या मागं राहायचं नसतं. हे उरकेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. मग आमदार बोलतो, आणि तो बोलला की विषय संपला. नारळ घेतलेला माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याला तोंडावर उलटं विचारायचं नसतं, असा गावचा रिवाज. मला हा रिवाज कळत्या वयापासून डाचायचा. एका नारळात अख्ख्या गावाचं तोंड बंद! याहून स्वस्त सौदा आमदारांना कुठं मिळणार?

आमचं गाव पळसदेवच्या अंगाला, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. म्हणजे नवं गाव. जुनं पाण्याखाली गेलं तेव्हा मी रांगत होते. पण ते कायमचं गेलं नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. उन्हाळ्याकडं धरण उतरायला लागलं की आधी जुन्या देवळाचं शिखर दिसतं, मग सभामंडप, मग विहिरींची तोंडं आणि शेवटी बांध. लोक काठावर बसून आपापला बांध वर यायची वाट बघतात. आला की ओल्या गाळात वैरणीचं कडवळ, मका, कलिंगड टाकायचं. सरकारी भाषेत याला गाळपेर म्हणतात. गावाचा नियम एकच: बुडताना जो बांध ज्याचा होता, तो उघडा पडल्यावर त्याचाच. कुणी लिहून ठेवलेला नाही, आणि कुणी मोडलेला मी पाहिलेला नाही. कागदावर ती सगळी जमीन पाटबंधारे खात्याची. खातं भाड्यापोटी थोडी पट्टी घ्यायचं आणि बाकी कानाडोळा करायचं.

माझ्या आत्याचं घर या गाळावर चालायचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली. एकेकाळी मेंढरं राखणारं घर. मेंढरं गेली, पुनर्वसनात वर मिळालेली जमीन नुसता मुरूम. तिथं कुसळं उगवायची तीही नाइलाजानं. देवळाच्या उगवतीला तिचा बुडीत पट्टा होता. त्या पट्ट्यातलं कडवळ दोन म्हशी जगवायचं आणि त्या म्हशी तिचं घर जगवायच्या.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. खरं सांगायचं तर कॉलेजापेक्षा जास्त एका छापखान्यात असायचे. आम्हा धरणग्रस्तांच्या चार पोरापोरींनी संघटना काढली होती आणि तिची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं. छापखान्याचे मालक चाचा स्वतः खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे, एकेक अक्षर. माझा मजकूर हातात घेतला की आधी कपाळाला हात लावायचे.

"पोरी, येवढी उद्गारचिन्हं माझ्याकडं न्हाईत. एक तर शिव्या कमी कर न्हाय तर चिन्हं."

"शिव्या कुठं आहेत चाचा?"

"ही काय, 'जनतेच्या ताटात माती कालवणारे'."

"ती शिवी नाही, ते वर्णन आहे."

तर त्या वर्षी पावसाळी अधिवेशनात एक विधेयक मांडलं गेलं. नाव इतकं लांबलचक की ते संपेपर्यंत माणसानं जांभई द्यावी. इंदापूरच्या एका वकिलांनी त्याची छापील प्रत मला दिली आणि म्हणाले, मधलं कलम वाच. मी वाचलं. धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन यापुढं दरसाल जाहीर लिलावानं, जो जास्त बोली देईल त्याला. बुडालेल्यांचं नाव कुठंच नाही. जणू त्या पाण्याखाली कधी कुणी राहतच नव्हतं! हे विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर व्हायचं होतं.

आमदारांचा एक पायंडा होता, आणि चांगला होता, नाही म्हणत नाही. प्रत्येक अधिवेशनानंतर ते गावोगाव फिरायचे आणि काय झालं ते सांगायचे. घडीचं एक पत्रकही वाटायचे, वर हात जोडलेला फोटो. दिवाळी झाल्यावर ते आमच्या गावी येणार असं ठरलं. आम्ही पोरांनी घरोघरी हिंडून एक ठराव केला: या वेळी हार नाही, नारळ नाही, ओवाळणं नाही. आधी कलमाचं उत्तर, मग नारळ. मी पत्रकही काढलं. चाचांनी सगळी उद्गारचिन्हं त्यातच संपवली.

सरपंच आबा हे ऐकून खाटेवरून उठूनच बसले.

"आगं, इंदापूर तालुक्यात असं कुठं झालंय का? माणूस दारात आला आन नारळ न्हाय? लोक म्हणतील गावात कोण मेलंय का काय."

"मेलंय ना आबा, जुनं गाव मेलंय. आता त्याचा लिलाव आहे."

"तुजी जीभ छापखान्यात ठिवून येत जा," आबा म्हणाले. पण नारळ आणणार नाही असं कबूल केलं. मी आत्याला सांगायला गेले तर ती म्हशीखाली बसली होती. "बघू," म्हणाली. आत्याच्या 'बघू'चा अर्थ काहीही होऊ शकतो.

सभेच्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढं जीप येऊन थांबली. बॅटरीवरचा कर्णा लागला. आमदार उतरले, हात जोडले आणि थांबले. सवयीनं मान जरा पुढं झुकवली, हारासाठी. हार आलाच नाही. मान तशीच. गावातल्या कुत्र्यासकट सगळे बघत होते. आबा तर आभाळात पाऊस शोधत होते. शेवटी आमदारांनी मान सरळ केली, खाकरले आणि माइक हातात घेतला. मला तो क्षण अजून गोड लागतो.

माणूस बोलायला पक्का. आधी उसाच्या झोनबंदीचं सांगितलं: आपला ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे शेतकऱ्यानं ठरवायचं की सरकारनं, यावर सभागृहात कशी जुंपली. मग विजेचं, मग शाळांच्या अनुदानाचं. हसवलं, विरोधकांच्या नकला केल्या. आणि मग शेवटाकडं, ताटातल्या कडू भाजीसारखं कडेला सारत, "गाळपेर जमिनीच्या व्यवस्थापनात सुसूत्रता आणणारं एक विधेयकही विचाराधीन आहे" असं म्हणून पाणी प्यायले.

मी उठून उभी राहिले. पण तोंड उघडणार तोच बायकांच्या बाजूनं आत्या आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. हातात ताट. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी.

माझा नुसता संताप झाला. अख्खं गाव एका बाजूला आणि माझ्याच घरची बाई ताट घेऊन! सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं. आबांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला, जणू गावाची अब्रूच परत आली.

आमदारांनी टोपी नीट केली. आत्यानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. आमदारांनी खिशातून नोट काढली आणि ताटात ठेवली. रिवाज असा की मग बाई ताट खाली घेते आणि बाजूला होते. आत्या हलली नाही.

"दादा," ती म्हणाली, "ही नोट उचला."

"का हो ताई? कमी पडली?"

लोक हसले. आत्या नाही हसली.

"ओवाळलं मंजे मी तुमची भैन झाले. ओवाळणी काय पायजे ते भैनीनं सांगायचं असतंय."

"मग सांगा की. साडी पाहिजे?"

"साडी हाय नेसलेली. त्या कायद्यात लिलावाची एक ओळ हाय, ती काढा. तेवढीच ओवाळणी पायजे."

कर्णा चालूच होता. 'तेवढीच ओवाळणी' पार माळापर्यंत ऐकू गेलं असणार. ताट आमदारांच्या छातीसमोर होतं आणि मागं जीप होती. बाजूला व्हायचं तर ओवाळणाऱ्या बाईला ढकलून जावं लागलं असतं. ते तर कुणालाच शक्य नव्हतं, त्यांना तर नाहीच. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या.

आमदार गडबडले नाहीत. त्यांनी मुद्दा मांडला, आणि मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. म्हणाले, "ताई, काही गावांत दांडगे लोक चार-चार पट्टे धरून बसलेत. गरिबाला गाळ मिळत नाही. लिलाव म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. सरकारलाही दोन पैसे मिळतात, त्याचेच तुम्हाला रस्ते होतात."

आता माझी पाळी होती. मी विधेयकाची प्रत वर धरली. "साहेब, दांडग्यांना आवरायचं तर दांडग्यांना आवरा. लिलावात गरीब आणि दांडगा शेजारी उभे राहिले तर बोली कुणाची चढणार? कलम असं करा: जमीन आधी बुडालेल्यांना, ज्याची त्याला, नेहमीच्या पट्टीवर. त्यातून उरली तर लिलाव. एवढी दुरुस्ती तुम्ही मांडू शकता. आमदाराला तो हक्क असतो."

"बाळ, पक्षाचा आदेश असतो. सरकारचं विधेयक आहे."

"पक्षाचा आदेश मत देताना असतो. दुरुस्ती सुचवायला तोंड बांधलेलं नसतं."

"हे कुठं शिकलीस?"

"तुमच्याच पत्रकात वाचलं, साहेब. गेल्या खेपेला तुम्हीच समजावून सांगितलं होतं."

यावर मात्र माणसं मोकळी हसली, आमदारसुद्धा. आत्याचे हात भरून आले होते, तरी तिनं ताट खाली घेतलं नाही. "दादा, निरांजनातलं तेल संपायलंय," ती म्हणाली.

"दिला शब्द," आमदार म्हणाले. "नागपुरात दुरुस्ती मांडतो." नोट त्यांनी उचलली नाही. आत्यानंच ती उचलून त्यांच्या खिशात कोंबली. तेवढ्यात आबांनी देवळामागून नारळ काढला. आणला होताच त्यांनी! मारुतीच्या पाठीशी लपवून ठेवला होता.

मी घरी येईपर्यंत आत्याशी बोलले नाही. मग म्हटलं, "आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू त्याचं बी पत्रक काढलं असतंस."

हिवाळा आला. नागपूरचं अधिवेशन झालं आणि आमदारांचं घडीचं पत्रक आलं. हात जोडलेला फोटो, खाली ठळक: 'गाळपेर जमिनीसाठी सभागृहात दुरुस्ती मांडली'. त्याखाली बारीक टायपात: मंत्रिमहोदयांनी सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचं आश्वासन दिल्यानं दुरुस्ती मागं घेण्यात आली. विधेयक आवाजी मतदानानं मंजूर.

सभागृहात हे असंच चालतं. दुरुस्ती मांडायची, मंत्री गोड बोलतो, दुरुस्ती मागं घ्यायची. मग अध्यक्ष विचारतात, एका बाजूनं होय असा गलका होतो, आणि तुमच्या शेताचा निकाल लागतो. कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कुठं नोंद नाही.

मी आत्याला वाचून दाखवलं. ती वैरण तोडत होती. कोयता थांबला.

"मांडली आन परत घेतली?"

"हो."

"मंजे ताट वाढलं आन उपाशी माणसाम्होरनं उचललं." कोयता पुन्हा चालू झाला, जरा जोरात.

मी आमदारांना इंदापूरच्या विश्रामगृहावर गाठलं. चिडून गेले होते, पण त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मी शब्द काय दिला होता? मांडतो. मांडली. मंजूर करून आणतो असं मी कुठं म्हणालो?" शांतपणे, समजुतीनं. आणि खरोखरच तसं ते म्हणाले नव्हते! कर्ण्यावरून अख्ख्या गावानं ऐकलं होतं ते एवढंच. मी चहा न पिता उठले. "साहेब, ओवाळणी देऊन परत घेणारा भाऊ आमच्याकडं कुणी बघितला नव्हता," म्हणाले आणि बाहेर आले. मागून त्यांचा माणूस ओरडला, "ए पोरी, जरा मानानं बोल!" मी मानानंच बोलले होते.

आता कायदा झाला होता. निवेदनं द्या, मोर्चा काढा, असं संघटनेतली पोरं म्हणत होती. मला त्यात राम दिसेना. लिलाव करणारा माणूस बोली मागतो. बोली दिलीच नाही तर? मी चाचांकडं गेले. या वेळी पत्रक छोटं होतं: 'गावाचा नियम आहे, दुसऱ्याच्या बुडाल्या बांधात पाय ठेवायचा नाही. लिलावात बोली देणं म्हणजे पाय ठेवणं. कुणी बोली देऊ नये. स्वतःच्या पट्ट्यासाठीही नाही. आपलं आपण विकत घेत नसतो.'

चाचांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "एकबी उद्गारचिन्ह न्हाय?"

"नाही."

"मग बातमी खरीच वाईट हाय," म्हणाले, आणि शाई लावायला घेतली.

ही पत्रकं आम्ही काठावरच्या गावागावांत सायकलीवरून नेली. भिगवणला मासळीवाल्यांना दिली, त्यांचीही शेतं खालीच होती. लोक ऐकून घ्यायचे, पण प्रत्येकाच्या डोळ्यात एकच प्रश्न असायचा: मी गप्प बसेन, पण तो बसेल का? एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी आत्याचा पट्टा गेला असता.

पाणी उतरलं. देऊळ उघडं पडलं. आणि देवळाच्या उगवतीला आत्याचा बांध वर येतोय तोवर चावडीवर लिलाव लागला. खात्याचे रावसाहेब टेबलापाशी, समोर अख्खं गाव मांडी घालून. रावसाहेबांनी पहिला पट्टा पुकारला. गाव गप्प. पुन्हा पुकारला. कुणी नाक शिंकरलं, तेवढाच आवाज. असे पट्टे जात गेले, आणि आत्याच्या पट्ट्याशी आल्यावर मागं एक जण उठला. शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला. आमच्या पत्रकाची गुंडाळी करून तो कान कोरत होता. त्यानं हात वर केला.

आत्या बसल्या जागेवरून वळली. "कुणाचा रं तू?"

त्यानं बापाचं नाव सांगितलं.

"तरीच. तुजा आजा आन माजा सासरा एका मोटंवर पाणी घेत हुते. तुज्या आज्याचा पट्टा बी खालीच हाय न्हवं, चिंचंच्या खोडाजवळ?"

"हाय की मामी."

"मंग आज माझा घे. परवा तुज्या गावात लिलाव हाय. तितं मी येते. म्हस इकून येते, पण येते."

त्याचा हात वरच होता, पण आता तो हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. रावसाहेब म्हणाले, "बोला, बोली किती?" त्यानं तोच हात डोक्यामागं नेला, मान खाजवली. "न्हाय ओ साहेब," म्हणाला, "हवा घ्यायला हात वर केला हुता." गाव असं हसलं की चावडीवरची कबुतरं उडाली. रावसाहेबांनाही हसू आलं, ते त्यांनी फायलीआड झाकलं. 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून ते जीपमधून गेले. दोन दिवसांनी शेजारच्या गावात तेच झालं. त्याच्या पुढच्या गावातही.

त्याच आठवड्यात आत्यानं कडवळ टाकलं. कायद्यानं ती चोरच होती. आम्ही सगळेच होतो. नंतर खात्याचा माणूस आला, बांधावर उभा राहिला, जुनीच पट्टी घेतली आणि गेला. लिलाव होत नाही म्हटल्यावर त्यालाही काहीतरी नेऊन दाखवायचंच होतं. कायदा पुस्तकात राहिला, गाळ आमच्याकडं राहिला.

उन्हाळ्याच्या अखेरीस आमदारांचं पत्रक आलं. 'आपल्या सततच्या पाठपुराव्यामुळं गाळपेर जमिनीचा लिलाव थांबला.' माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. तशीच आत्याच्या बांधावर गेले. कडवळ कमरेला लागलं होतं. मी वाचून दाखवलं. आत्या खळखळून हसली.

"छापू दे की. वैरण आपल्या म्हशी खात्यात न्हवं?"

"तसं नाही आत्या. खोटं ते खोटं. मी उत्तर काढणार."

"काढ. आन त्यात लिही, पुढल्या बारीला आला तर ओवाळायला मी न्हाय. नारळ तेवढा आबाकडनं घे म्हणावं, मारुतीच्या मागं आसंल."

मी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. चाचांनी विचारलं, उद्गारचिन्हं किती लावू? म्हटलं, आहेत तेवढी सगळी.